आचार्य राय आणि शोधनिबंधांची मोजदाद

मुंबईत प्रभादेवीच्या एका भागाला लोक आजही बेंगाल केमिकल म्हणून ओळखतात. ही कंपनी मूळची कलकत्त्याची. तिने मुंबईत कारखाना काढला तो १९३८ साली. कलकत्त्यातील एका प्राध्यापकाच्या भाड्याच्या घरात, पगारातून वाचवलेल्या सातआठशे रुपयांवर तिचा जन्म झाला, ही गोष्ट त्या रस्त्याने नित्य कचेरीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आपल्याकडे बहुधा जगदीशचंद्र बोस यांच्या शेजारी, एका वाक्यापुरते घेतले जाते. थोर रसायनशास्त्रज्ञ, थोर देशभक्त, एवढे सांगितले की संपले. वास्तविक एका प्रश्नाच्या संदर्भात त्यांचे चरित्र आज पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे. देशातील वैज्ञानिक संशोधन आणि त्या देशाची आर्थिक भरभराट यांचा परस्परांशी नेमका संबंध काय, हा तो प्रश्न.

या प्रश्नावर आकडेवारीची वाण नाही. जगातील शोधनिबंधांत एखाद्या देशाचा जो वाटा असतो तो त्याच्या लोकसंख्येपेक्षा राष्ट्रीय उत्पन्नाशी अधिक जुळतो, हे डेरेक द सोला प्राइस या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९६०च्या दशकातच दाखवून दिले होते. २००४ साली ब्रिटिश सरकारचे तत्कालीन वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी एकतीस देशांची तुलना केली, तेव्हाही चित्र फारसे वेगळे दिसले नाही. परंतु दोन गोष्टी बरोबरीने वाढतात म्हणजे एकीमुळे दुसरी वाढते असे नव्हे. देश श्रीमंत म्हणून त्याला संशोधन परवडते, की संशोधन केले म्हणून तो श्रीमंत होतो, या बीज-वृक्षाच्या वादात अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांबाबत निरनिराळे निष्कर्ष काढले आहेत. आपल्याकडे मात्र हा वाद जणू मिटला आहे, अशा समजुतीने कारभार चालतो. शोधनिबंधांच्या संख्येत चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो असे अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मोजणीत आढळले, की ती बातमी पहिल्या पानावर येते. संशोधन आणि विकासावरील आपला खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि दक्षिण कोरियाचा त्याच सुमारास पाच टक्क्यांच्या जवळ पोहोचला होता, हे आतल्या पानावर जाते. शोधनिबंध आणि संपत्ती यांच्यामध्ये जो लांबचा, चिखलाचा रस्ता आहे, त्याचा हिशेब तर कोणत्याच पानावर नसतो. आचार्य राय यांचे आयुष्य त्या रस्त्यावर गेले.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातील राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशच्या खुलना जिल्ह्यात आहे. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार होते, पण फारसी जाणणारे, सुधारक मताचे आणि ग्रंथांचा संग्रह बाळगणारे. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० साली त्यांनी बिऱ्हाड कलकत्त्यास हलविले. तेथे १८७४ साली प्रफुल्लचंद्रांना आमांशाने असे गाठले की शाळा सोडून गावी परतावे लागले. प्रकृती त्यांना आयुष्यभर जपावी लागली ती तेव्हापासून. मात्र आजारपणाची ती दोनेक वर्षे त्यांनी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात घालविली. पुढे विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत नाव असताना ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकावयास जात. त्या व्याख्यानांतील प्रयोगांनी त्यांना जे वेड लावले ते कायमचे. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले, तेथे अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्या हाताखाली शिकले आणि १८८७ साली डॉक्टर ऑफ सायन्स झाले.

१८८८ साली ते परतले ते विलायतेची सर्वोच्च पदवी घेऊन, पण सरकारी शिक्षणखात्याच्या वरच्या श्रेणीचा दरवाजा हिंदी माणसाला बंद होता. जवळजवळ वर्षभर त्यांना नोकरीच नव्हती. त्यातला बराच काळ त्यांनी जगदीशचंद्र बोस यांच्या घरी काढला. अखेर १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर तात्पुरत्या साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. तीच पदवी असलेल्या इंग्रजाला याहून कितीतरी अधिक वेतन मिळत असे. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला सरकारी नोकरीवाचूनही अन्य उद्योग आहेत, असे शिक्षणखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना तोऱ्यात सुनावले होते. हा टोमणा त्यांच्या जिव्हारी लागला. मात्र रागाच्या भरात राजीनामा देण्याऐवजी त्यांनी तो टोमणा अक्षरशः खरा करून दाखविण्याचे मनावर घेतले.

अध्यापनाबरोबर त्यांनी पहिले संशोधन हाती घेतले ते तूप आणि मोहरीचे तेल यांतील भेसळीचे. विषय घरगुती वाटतो. पण शुद्ध तूप म्हणजे काय हे रसायनाच्या भाषेत ठरविल्याखेरीज भेसळ सिद्ध तरी कशी करावयाची? अस्सल नमुना मिळावा म्हणून त्यांनी गाई आपल्या देखत दोहून घेतल्या, तेल आपल्या देखत गाळून घेतले. या कामात तीन वर्षे गेली आणि १८९४ साली निबंध प्रसिद्ध झाला. बाजाराला उपयुक्त असे संशोधन किती नीरस आणि चिकाटीचे असते, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

याच काळात, १८९२ साली, ९१ अप्पर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घरात बेंगाल केमिकलची सुरुवात झाली. कॉलेज सुटल्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास प्राध्यापकमहाशय घरी येत आणि संध्याकाळी उशिरापर्यंत कढया आणि बाटल्या यांत बुडून जात. आधी लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढण्याचा घाट घातला. पदार्थ तयार होई, पण परवडेना. मग मोर्चा वळला हाडांकडे. खाटकांकडून जनावरांची हाडे आणून त्यांपासून सोड्याचे फॉस्फेट करावयाचे, असा बेत. हाडे घराच्या गच्चीवर वाळत घातली. त्यांवर कावळे जमले, किडे पडले, दुर्गंधी सुटली आणि शेजाऱ्यांनी तक्रारींचा भडिमार केला. हाडे तेथून हलवावी लागली. हाडांवर प्रक्रिया करावयास गंधकाम्ल हवे, तर कलकत्त्याच्या आसपासचे देशी कारखानदार ते लहान प्रमाणावर, जुनाट पद्धतीने करीत. पुरेशा प्रमाणात आणि बेताच्या किमतीत गंधकाम्ल मिळाल्याखेरीज पुढचा एकही रासायनिक उद्योग उभा राहत नाही, हा धडा या माणसाने पुस्तकात वाचला होताच. आता तो अंगावर आला. कंपनीने स्वतःची आम्लाची मोठी कोठी उभारली ती पुढे, माणिकतला येथे १९०५ च्या सुमारास कारखाना झाला तेव्हा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राय जी औषधे करू पाहत होते त्यांची कृती गुप्त नव्हती. ती ब्रिटिश फार्माकोपियात छापलेली होती आणि कोणाही वाचकाला उपलब्ध होती. ज्ञान हातात असूनही औषधे बोटीने विलायतेहूनच येत होती. उणीव शोधनिबंधांची नव्हती. उणीव होती आम्लाची, काचसामानाची, हाताला वळण असलेल्या माणसांची, चार पैशांची आणि गिऱ्हाइकाची. यातली गिऱ्हाइकाची उणीव तर सर्वांत वाईट, कारण देशी बनावटीचे औषध दुकानात ठेवावयास औषधविक्रेते राजी नसत. तेव्हा अमूल्यचरण बोस हे त्यांचे डॉक्टर मित्र पुढे सरसावले. डॉक्टरमंडळींच्या घरी जाऊन त्यांनी ही औषधे लिहून देण्याचा आग्रह धरला. ज्यांच्या नावाने आज कलकत्त्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे ते राधागोविंद कर यांनी साथ दिली. अडुळशाचे सिरप, ओव्याचा अर्क, कुडा यांसारख्या आपल्या आजीबाईच्या बटव्यातील वनस्पतींना प्रमाणित औषधांचे रूप देण्याचा विचारही अमूल्यचरणांचाच. कलकत्त्यात भरलेल्या वैद्यक परिषदेत ही औषधे मांडली गेली आणि त्यांचा थोडाफार बोलबाला झाला.

या उभारणीची किंमतही चुकवावी लागली. रसायनशास्त्रात एम. ए. झालेला सतीशचंद्र सिंह हा उमदा तरुण कंपनीत आला होता. प्रयोगशाळेत प्रुसिक आम्लाने अपघाती विषबाधा होऊन तो दगावला. १८९८ साली अमूल्यचरण प्लेगने गेले. प्लेगाचे ते साल मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. दोन्ही हात तुटल्यासारखे झाले, तरी राय यांनी काम सोडले नाही. १९०१ च्या एप्रिलात संस्थेचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले.

आता दुसरी बाजू. याच वर्षांत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, राय यांनी मर्क्युरस नायट्राइट हे पाऱ्याचे नवे संयुग मिळविले आणि १८९६ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. विलायतेत त्याची वाखाणणी झाली. नायट्राइटांवरील निबंधांची रीघ लागली. १९२० पर्यंत त्यांच्या नावावर शंभराहून अधिक निबंध जमा झाले होते. पण या सुप्रसिद्ध संयुगाचा बेंगाल केमिकलच्या मालाच्या यादीशी काडीचा संबंध नव्हता. एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच शहरात, प्रयोगशाळा आणि कारखाना यांत फारसे अंतर नसताना, शोध इकडून तिकडे गेला नाही. कारखाना चालला तो जुन्या, सर्वज्ञात रसायनावर. शोधनिबंध वाढले की उद्योग आपोआप वाढतात असे मानणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीपाशी थोडा वेळ थांबावे.

मग संशोधन निरर्थक होते काय? असा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे होईल. त्यासाठी त्याच सुमारास जर्मनीत काय चालले होते ते पाहिले पाहिजे. नीळ प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० साली साधली. त्या यशाचे बाजारातील मालात रूपांतर व्हावयास सतरा वर्षे लागली. बी. ए. एस. एफ. या कंपनीने त्यापायी सुमारे १ कोटी ८० लाख मार्क ओतले, असे सांगतात, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ विक्रीस आणली. पहिल्या महायुद्धापर्यंत बिहार-बंगालमधील निळीची लागवड पूर्वीच्या मानाने नाममात्र उरली. शेतकऱ्यांनी निळीच्या मळेवाल्यांचे जे जुलूम सोसले ते आपल्या इतिहासात नोंदलेले आहेत. पण त्या मळ्यांचा खरा शेवट जर्मन प्रयोगशाळेने केला, हेही त्याच इतिहासात आहे. बायर यांचा निबंध एकटा असता तर काहीही झाले नसते. सतरा वर्षांची चिकाटी, कोट्यवधी मार्क आणि जर्मन विद्यापीठांतून बाहेर पडणारी शिकलेल्या रसायनज्ञांची फौज त्यामागे होती, म्हणून ते झाले. राय यांच्या गच्चीवर हाडे वाळत होती ती याच दशकात. त्यांच्याजवळ ना ते मार्क होते, ना ती फौज.

फौज मात्र त्यांनी तयार करावयास घेतली आणि माझ्या मते त्यांच्या संशोधनाचे खरे आर्थिक फळ तेथे आहे. मर्क्युरस नायट्राइट विकले गेले नाही, पण त्याच्या निमित्ताने ज्या मुलांना तराजू, भट्टी आणि शंका घेण्याची सवय यांचे वळण लागले, ती मुले देशभर पसरली. नीलरतन धर, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, ज्ञानचंद्र घोष ही नावे त्या शाळेतली. घोष पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आणि नंतर खरगपूरच्या पहिल्या आय. आय. टी.चे संचालक झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनीही राय यांच्या वर्गात धडे घेतले होते. कारखान्याकडेही हीच वाट जात होती. रसायनाचे पदवीधर राजशेखर बसू १९०३ साली बेंगाल केमिकलमध्ये आले आणि पुढे कित्येक वर्षे तिचा कारभार त्यांनी सांभाळला. परशुराम या नावाने विनोदी कथा लिहिणारे बंगालीतील लेखक ते हेच. (कारखान्याची हिशेबवही आणि विनोदी कथा एकाच टेबलावर लिहिणारा माणूस आपल्याकडे कारकुनांच्या जगात अगदीच अपरिचित नाही.) सतीशचंद्र दासगुप्त यांनी तेथेच आग विझविण्याचे उपकरण तयार केले आणि नंतर ते गांधीजींच्या खादीकार्यात गेले. पहिल्या महायुद्धात विलायतेहून माल येणे बंद झाले, तेव्हा एरवी इंग्रजी मालाखेरीज दुसरीकडे न पाहणारे सरकार आम्ले आणि औषधे यांसाठी याच कंपनीच्या दारी आले. त्या दिवशी उपयोगी पडला तो कोणाचा निबंध नव्हे. वीस वर्षांत तयार झालेली माणसे आणि उभ्या असलेल्या भट्ट्या उपयोगी पडल्या.

महाराष्ट्राशी राय यांचा संबंध गोखल्यांमुळे जुळला. गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात असत तेव्हा दोघांचा घरोबा होता. १९०२ साली गोखल्यांकडे उतरलेल्या गांधीजींशी त्यांनी राय यांची ओळख करून दिली, ती आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवून उरलेले सार्वजनिक कामाला देणारा माणूस म्हणून. गांधीजींचे कलकत्त्यातील पहिले व्याख्यान राय यांनी घडवून आणले. पुढे १९२० च्या जानेवारीत नागपूरला सायन्स काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्ष राय होते आणि आधुनिक भारतातील विज्ञानाची पहाट हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. १९२१ चा खुलन्याचा दुष्काळ आणि १९२२ चा उत्तर बंगालचा महापूर यांत मदतकार्याची धुरा त्यांनी वाहिली. यंत्रे उभारणारा हा रसायनज्ञ चरख्याचा पुरस्कर्ता झाला, याचे अनेकांना नवल वाटले. विसंगती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कारखाना ज्याने स्वतः चालवून पाहिला, त्याला तो किती थोड्या हातांना काम देतो हेही कळले होते.

१९१६ साली प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात पालित प्राध्यापक झाले. हे महाविद्यालय सरकारच्या नव्हे, तर तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून उभे राहिलेले. १९२१ साली वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर राय यांनी आपला पगार विद्यापीठाच्या रसायन विभागालाच देऊन टाकला आणि १९३६ पर्यंत ते याच रीतीने काम करीत राहिले. लग्न केले नाही. महाविद्यालयाच्या इमारतीतच एका खोलीत, विद्यार्थ्यांच्या संगतीत राहिले आणि १६ जून १९४४ रोजी तेथेच वारले.

कंपनीची पुढची कहाणी सुखाची नाही. फाळणीने बंगालचे दोन तुकडे केले, स्पर्धा वाढली, कारभार ढिला पडला. १९७७ साली सरकारला व्यवस्थापन ताब्यात घ्यावे लागले आणि १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले. कित्येक दशके तोट्यात चाललेली ही कंपनी २०१६-१७ साली नफ्यात आली, ती केंद्र सरकारने तिचे भाग विकण्याचा निर्णय घेतला त्याच सुमारास. एका माणसाच्या त्यागावर उद्योग जन्माला येऊ शकतो, पण शतकभर तरू शकत नाही. बंगाल प्रांतही राय यांच्यामुळे श्रीमंत झाला असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या मागे जर्मनीसारखी विद्यापीठे, पतपुरवठा आणि सरकारी खरेदी यांची साखळी असती तर काय झाले असते, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न आजच्या प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्याला अगदी जवळून भिडतो. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांची पद्धत आणली आणि शोधनिबंधांना गुण लागू झाले. त्याबरोबर पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. पीएच. डी.च्या उमेदवाराने निबंध प्रसिद्ध केलाच पाहिजे ही अट मंडळाने २०२२ साली काढून टाकली, ते योग्यच झाले. परंतु अट काढली तरी मोजण्याची सवय गेलेली नाही. आपल्या प्रगतिपुस्तकांत निबंध किती, उद्धृते किती, पेटंटे किती यांचे रकाने असतात. तुपाचा अस्सल नमुना मिळावा म्हणून तीन वर्षे घालविणाऱ्या अध्यापकासाठी त्यात रकाना नाही. हाताखालचे किती विद्यार्थी भट्टीजवळ उभे राहून काम करण्यास लायक झाले आणि त्यांतले किती प्रत्यक्ष एखाद्या कारखान्यात गेले, हेही कोणी विचारीत नाही. १८९५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजाने असा तक्ता भरावयास लावला असता, तर प्राध्यापक राय यांच्या नावापुढे दोनतीन निबंध लिहिले गेले असते आणि अप्पर सर्क्युलर रोडवरील घराच्या जागी कोरा रकाना राहिला असता.